जग बुडालं तर डॉक्टर नेमका किती कामाचा? (कथेसाठी मदत हवीय)

कातळवाट

मंडळी, दिवाळी अंकासाठी एक कथा लिहितोय, एवढी मोठी पहिल्यांदाच, त्यामुळे जरा सांभाळून घ्या. सेटिंग असं की सगळं कोलमडलंय. का कोलमडलं ते मी सांगतच नाहीये (वाचकाने ठरवावं, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलेलं नाही). वीज नाही, नेट नाही, पेट्रोल संपलेलं, आणि साधारण सत्तर माणसं मावळात एका धरणाच्या काठाला वस्ती करून राहतायत, दीडेक वर्ष झालंय. एके दिवशी बाहेरून चौघं येतात, उपाशी, अर्धमेले. एक डॉक्टर, एक लोहार, एक बियाणं राखून असलेली शेतकरीण आणि एक माजी फौजी. धान्य एकालाच पुरेल एवढं आहे. घ्यायचं कोणाला?

मी डोळे झाकून डॉक्टर लिहिलं होतं. मित्राला ड्राफ्ट वाचायला दिला तर तो म्हणतो, डॉक्टर काय करणार रे तिथे, ना लॅब ना सोनोग्राफी ना मेडिकल, हल्लीचे लोक रिपोर्ट बघितल्याशिवाय सर्दीची गोळी देत नाहीत, तुझा डॉक्टर फक्त मरणाऱ्याला सांगेल की तू कुठल्या आजाराने मरतोयस. हसलो, पण डोक्यातून जाईना.

तर प्रश्न असा की औषधं संपल्यावर शिकलेल्या डॉक्टरचं मोल खरंच उरतं का? उरत असेल तर तो दिवसभर करतो काय? कंदिलाच्या उजेडात मेंदूचं ऑपरेशन वगैरे हिरोगिरी नको, खरं काय होईल ते सांगा. इथे डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारतोय.

अर्धवट_शहाणा

मित्राशी सहमत. लोहार घ्या आणि कथा संपवा.

आणि डॉक्टरशिवाय ऑपरेशन होत नाही हाही गैरसमज आहे. १९४२ च्या सप्टेंबरमध्ये सीड्रॅगन नावाच्या अमेरिकन पाणबुडीत एका खलाशाचं अपेंडिक्स सुजलं. बोटीवर डॉक्टर नाही, होता फक्त व्हीलर लाइप्स नावाचा तेवीस वर्षांचा मदतनीस. त्याने जेवणाच्या टेबलावर पोट उघडलं, चमचे वाकवून जखम फाकवून धरली, चहाच्या गाळणीतून इथर हे भुलीचं औषध दिलं, आणि पेशंट जगला. पोरगं जमवतं तर तुमची वस्ती पण जमवेल.

बॉण्डवाली

शहाणे, ही गोष्ट खरी आहे, पण ती आपल्यापर्यंत आली कारण पेशंट जगला. ज्यांचं फसलं त्यांच्या गोष्टी कोण सांगणार? शिवाय लाइप्स म्हणजे काही रस्त्यावरून उचललेला पोरगा नव्हता, दवाखान्यात काम केलेला, अशी ऑपरेशनं जवळून बघितलेला माणूस होता. त्याच्याकडे इथर होतं, जंतुसंसर्गासाठी सल्फाच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) गोळ्या होत्या. वस्तीतल्या कुणाला तेच करायला सांगा, आधी अपेंडिक्स कुठल्या बाजूला असतं यावरून भांडण होईल.

कातळवाट, तुमच्या प्रश्नाकडे येते. मी एमबीबीएस झाल्यावर बॉण्डचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष एका आडगावच्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलंय, त्यामुळे "काही नसताना डॉक्टर काय करतो" यावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजते 😀

सत्तर माणसं म्हणजे त्यात दहा-पंधरा तरी मूल होण्याच्या वयाच्या बायका आल्या. दीड वर्ष झालंय, गर्भनिरोधकं संपलीत. म्हणजे तुमच्या कथेत पहिलं संकट कुठली महामारी नाही, बाळंतपण आहे. कोणी लेखक हे लिहितच नाही, सगळ्यांना बंदुकीची गोळी काढायची असते.

आमच्याकडे एकदा रात्री लाईट गेलेली, जनरेटरला डिझेल नाही, आणि बाई बाळंत झाली. बाळ चांगलं, वार पडली, सगळे खूश, आणि मग रक्त थांबेचना. गर्भपिशवी आकसवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, पण खरं काम सिस्टरच्या हाताने केलं. तिने बेंबीच्या खाली पोटावर हात दाबून ठेवला आणि गोल गोल चोळत राहिली, मोबाईलचा टॉर्च आयाबाईंच्या हातात. गर्भपिशवी सैल पडली की रक्त वाहत राहतं, चोळून चोळून ती क्रिकेटच्या बॉलसारखी कडक झाली की आतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मी तोवर नळी घालून लघवी काढली, कारण लघवी तुंबलेली असेल तर गर्भपिशवी नीट आकसत नाही. बाळ लगेच छातीला लावलं, त्यानेही पिशवी आकसते. मग मी टॉर्च मागून घेतला आणि वार परत पालथी घालून तपासली, सगळे तुकडे आलेत का. एखादा तुकडा आत राहिला असेल तर कितीही चोळा, उपयोग नाही, हात घालून काढावा लागतो.

यात लॅब कुठे आली सांगा? सोनोग्राफी कुठे आली? आणि तरीही कुठल्या क्रमाने काय करायचं, हात कधी घालायचा आणि कधी अजिबात घालायचा नाही, हे पुस्तक चाळून त्या दोन मिनिटांत कळत नाही.

दुसरी गोष्ट. तुमचे चौघं उपाशी, अर्धमेले येतात ना? वस्तीतली प्रेमळ माणसं त्यांना पोटभर भात-पिठलं वाढतील, गूळ देतील. आणि त्यातला एखादा दोन-चार दिवसांत पटकन जाईल. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम पिष्ट-साखर गेली की रक्तातले क्षार कोसळतात आणि हृदय बंद पडतं. १९४५ साली जर्मनीतली बेल्सनची नाझी छळछावणी सुटल्यावर ब्रिटिश सैनिकांनी कळवळून आपलं रेशन कैद्यांना वाटलं आणि ते न सोसून कित्येक जण मेले. डॉक्टर तिथे औषध देणार नाही, ताट मागे ओढेल, आणि सगळे त्याला निर्दय म्हणतील. हा सीन तुम्हाला फुकट देतेय.

तिसरं, जुलाब. १९७१ ला बांगलादेशचे निर्वासित बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मापून पाण्यात कालवलं आणि नातेवाइकांच्याच हातात दिलं, पाजत रहा म्हणाले. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. आज आपल्याकडे प्रत्येक आशाताईला पाठ आहे: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. पण सलाईन संपल्यावर "तोंडाने पाजा, उलटी झाली तरी पाजत रहा" असं हजारो लोकांच्या जिवावर ठामपणे सांगायला त्यामागचं शरीर माहीत असावं लागतं.

(मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा)

आज्जीचा_बटवा

सगळं पटलं पण एक सांगा, आपल्या पणज्या काय हॉस्पिटलात बाळंत झाल्या? सुईण होती, हळद होती, ओवा-शेपा होत्या. माझ्या पणजीला अकरा मुलं. माणूस हजारो वर्षं डॉक्टरशिवाय जगलाच की. मला वाटतं कथेत एखादी जाणती म्हातारी असेल तर डॉक्टरची गरजच नाही.

बॉण्डवाली

बटवाताई, अकरातली किती मोठी झाली तेही विचारा घरी, रागावू नका.

जाणत्या सुईणीला माझा नमस्कारच आहे, वस्तीत असेल तर मी तिच्या हाताखाली काम करीन. पण "शरीर आपोआप सगळं निभावतं" याची परीक्षा होऊन गेलीय, तीही सुखवस्तू अमेरिकेत. इंडियाना राज्यात फेथ असेंब्ली नावाचा एक धार्मिक पंथ होता, त्यांना डॉक्टर, औषध, दवाखाना सगळं वर्ज्य. चांगलं खाणारी-पिणारी माणसं, स्वच्छ घरं, नळाला पाणी. १९७५ ते १९८२ चे आकडे तपासले तर त्यांच्यात बाळंतपणात बायका मरण्याचं प्रमाण राज्यातल्या बाकीच्या बायकांच्या नव्वदपटीहून जास्त निघालं. संख्या लहान होती हे खरं, पण तरीही. भूक नाही, युद्ध नाही, फक्त डॉक्टर वजा केला.

मध मात्र घ्या कथेत. जखमेवर मध लावणं खरंच चालतं. जखमेत शेण-माती मात्र नको, धनुर्वात होतो.

सोलापूरकर_काका

धागा आवडला. मी डॉक्टर नाही, रिटायर्ड बँकवाला, पण दुसऱ्या महायुद्धाचं वाचन बऱ्यापैकी आहे म्हणून लिहितो. जग बुडाल्यावर डॉक्टरचं मोल किती हे मोजायला कल्पना कशाला लढवायची, तो प्रयोग सयाम (थायलंड)-ब्रह्मदेशच्या रेल्वेवर होऊन गेलाय.

ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३, जपान्यांनी थायलंडच्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्यूझायतपर्यंत ४१५ किलोमीटर रेल्वे जंगलातून काढून घेतली. राबायला दोन प्रकारचे लोक. एक, साठ हजारांवर युद्धकैदी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. दुसरे, आशियाई मजूर, ज्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून फसवून किंवा पकडून आणलेले आपले तमिळ लोक पुष्कळ होते. हे मजूर पावणेदोन लाखांच्या वर. तोच पाऊस, तोच मूठभर भात, तोच कॉलरा, तेच मलेरियाचे डास. कैद्यांपैकी सुमारे साडेबारा हजार मेले, म्हणजे पाचात एक. मजुरांपैकी अंदाजे नव्वद हजार, जवळजवळ निम्मे.

फरक काय होता? कैद्यांबरोबर त्यांचे सैन्यातले डॉक्टर पकडले गेले होते. वेअरी डनलॉप, अल्बर्ट कोट्स, मार्कोविट्झ ही नावं शोधून वाचा. औषधं जवळपास नव्हतीच. मग त्यांनी केलं काय? संडासचे चर खोल खणून घेतले. उकळल्याशिवाय पाणी ओठाला लावायचं नाही असा नियम केला. जेवणाच्या रांगेत तोंडाशी उकळत्या पाण्याचं पिंप ठेवलं, आपला डबा त्यात बुडवल्याशिवाय भात मिळणार नाही. कॉलऱ्याचे पेशंट वेगळ्या तंबूत. पायाला नडगीपर्यंत सडवणाऱ्या जखमा व्हायच्या, बांबूचा नुसता ओरखडा पुरे, त्या चमच्याला धार लावून खरवडायचे, भूल न देता, चार जण धरून. तेही जमेनासं झालं की मिळेल त्या करवतीने पाय कापायचा. कोट्सच्या छावणीत एका डच केमिस्टने जनावरांच्या आतड्यापासून टाक्यांचा दोरा करून दिला होता.

मजुरांच्या छावण्यांत यातलं काही सांगणारंच कोणी नव्हतं. नदीचं पाणी तसंच प्यायचे, तिथेच बसायचे, आणि कॉलरा आला की अख्खी छावणी घेऊन जायचा.

तेव्हा कातळवाट, तुमच्या कथेतला डॉक्टर दिवसभर काय करतो? तो चर खणायला लावतो आणि लोकांच्या शिव्या खातो.

अर्धवट_शहाणा

काका मुद्दा भारी, पण पुरावा अर्धाच आहे. कैद्यांकडे फक्त डॉक्टर नव्हते, अधिकारी होते, हुद्दे होते, हुकूम पाळायची सवय होती. मजुरांत बायका-पोरं होती, चार भाषांचे लोक, एकमेकांना ओळखत नव्हते. त्या मजुरांच्या छावणीत एक एमडी नेऊन सोडला असता तर त्याचं कोणी ऐकलं असतं का? मग श्रेय डॉक्टरचं की शिस्तीचं?

सोलापूरकर_काका

शंभर टक्के बरोबर बोललात. दोन्हीचं. डॉक्टर म्हणणार उकळा, पण लाकूड कोण फोडणार, आणि न उकळता पिणाऱ्याला कोण अडवणार? म्हणून मला वाटतं कथेत डॉक्टर आणि फौजी यांच्यातून एक निवडणं हाच पेच चुकीचा आहे. एकटा डॉक्टर म्हणजे नुसता सल्ला. कोरोनात बघितलं ना, मास्क हनुवटीवर लावून फिरत होतो सगळे.

गोळ्याबिस्किटं

आमचं मेडिकलचं दुकान आहे, तर औषधांच्या बाजूने.

१. एक्स्पायरी उलटली म्हणजे विष झालं असं नाही. अमेरिकन लष्कराने आपला साठा फेकण्याआधी वर्षानुवर्षं तपासला, १२२ प्रकारची औषधं, त्यातले ८८ टक्के लॉट तारखेनंतर निदान वर्षभर तरी चांगले निघाले, सरासरी साडेपाच वर्षं. पण ते बंद पाकिटात, योग्य तापमानात ठेवलेले. तुमच्या कथेतल्या पत्र्याच्या खोलीत, एप्रिलमध्ये, तसं होणार नाही. गोळ्या टिकतील, पातळ औषधं आणि इंजेक्शनं आधी जातील.

२. भाकरीवरच्या बुरशीतून पेनिसिलीन काढायचा सीन लिहिणार असाल तर हात जोडतो, नका लिहू. फ्लेमिंगला १९२८ ला दिसलं, पण औषध म्हणून वापरायला १९४१ उजाडलं. ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला दिलं, तो सुधारायला लागला, आणि साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून त्यालाच टोचत होते, तरी पुरलं नाही, गेला बिचारा. हे ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत, त्यातल्या तज्ज्ञांकडून. तुमच्या वस्तीतल्या माठातून नाही होणार.

३. डॉक्टरचा खरा उपयोग माझ्या मते इथे आहे: कोणाला गोळी द्यायची नाही हे ठरवायला. वस्तीत समजा अँटिबायोटिकच्या तीस स्ट्रिप उरल्यात. अडाणी माणसाकडे चावी दिली तर पहिल्या पावसाळ्यातल्या सर्दी-खोकल्यात संपतील, ज्यावर ती चालतही नाहीत. आमच्या काउंटरवर रोज बघतो, "ती पाचशेवाली द्या, बरं वाटतं." डॉक्टर असेल तर न्यूमोनियाच्या पोरासाठी शिल्लक राहतील.

गुरांचा_डाक्टर

राम राम. सातारा साईडला पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. एवढी चर्चा झाली आन् आमची आठवण एकालाबी नाही.

अहो तुमच्या डॉक्टरला पेशंट सांगतो इथं दुखतंय तिथं दुखतंय. आमची म्हस सांगती का? हात लावून, वास घेऊन, शेण बघून ओळखायचं. लॅब नाही म्हणून आमचं कधी अडलं नाही कारण आमच्याकडं ती पहिल्यापासूनच नाही. अडलेलं वासरू खांद्यापर्यंत हात घालून फिरवायचं, गोठ्यात, बॅटरीच्या उजेडात, मालक मागनं सूचना देतोय. केटामीन आमच्या बॅगेत असतं, मशीन न लावता भूल देता येती, माणसाला बी तेच वापरतात. टाके, ऑक्सिटोसिन, अँटिबायोटिकच्या मोठ्या बाटल्या, सगळं किलोवर हिशोब करून द्यायची सवय. आन् वर जनावरं सांभाळतो, कुठलं मटण खायचं नाही ते सांगतो, पिसाळलेलं कुत्रं ओळखतो.

माणसाचं हृदय, मनाचं आजारपण ह्यातलं कळत नाही, तिथं खोटं बोलणार नाही. आन् मूल आडवं आलं तर बाईचं ऑपरेशन मी करणार नाही असं आत्ता म्हणतोय, पण दुसरं कोणीच नसलं तर माहीत नाही बुवा.

बॉण्डवाली

डॉक्टरसाहेब, माझ्या वस्तीत तुम्हाला पहिली जागा 🙏 खरंच सांगते, आमच्यातल्या मोठ्या शहरातल्या सुपरस्पेशालिस्टपेक्षा तुम्ही जास्त कामाचे. स्टेंट घालणाऱ्या माणसाला तिथे कॅथलॅब (स्टेंट घालायची यंत्रांची खोली) कुठून आणून देणार?

कातळवाटला उरलेलं उत्तर: स्पेशालिटी विचारलीत तर जुनी जनरल सर्जन किंवा तालुक्याला पंचवीस वर्षं काढलेली बाळंतपणाची डॉक्टर. आणि दातांचा डॉक्टर विसरू नका! दाढेत पू होऊन तो गळ्यात उतरला तर माणूस श्वास कोंडून मरतो. दाढ वेळेवर उपटणारा वस्तीत हवाच.

निळी_शाई

सगळे इतक्या उत्साहात लिहिताय की हे टाकावं की नाही कळत नव्हतं. पण तुमच्या कथेत एक गृहीत धरलंय, की डॉक्टर दारात येऊन सांगतो "मी डॉक्टर आहे". का सांगेल तो?

कंबोडियात १९७५ च्या १७ एप्रिलला ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाने नॉम पेन्ह शहर रिकामं करायला सुरुवात केली. हॉस्पिटलंसुद्धा, पेशंटना खाटांसकट रस्त्यावर ढकलत नेलं. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू, नुसता चष्मा असणंही संशयाचं. देशात पाचशेच्या आतबाहेर डॉक्टर होते, काही आधी पळाले, बाकीचे मारले गेले नाहीतर उपासाने गेले, १९७९ मध्ये उरले पन्नासच्या आसपास. त्यांच्या जागी खेड्यातली अर्धवट वयाची मुलं "क्रांतिकारी डॉक्टर" म्हणून नेमली, ती नारळाचं पाणी इंजेक्शनने टोचायची, आणि हाताने वळलेल्या काळ्या गोळ्या द्यायची, लोक त्यांना सशाच्या लेंड्या म्हणायचे.

हाइंग न्गोर नावाचा डॉक्टर त्यातून वाचला, कारण त्याने मी टॅक्सी चालवतो असं सांगितलं. तो स्त्रीरोगतज्ज्ञ होता. छावणीत त्याच्या बायकोला अवेळी कळा सुरू झाल्या आणि सिझेरियनशिवाय सुटका नव्हती. त्याच्याकडे हत्यारं नव्हती, आणि ऑपरेशन केलं असतं तर तो डॉक्टर आहे हे उघड होऊन सगळेच मारले गेले असते. बायको आणि बाळ दोघंही गेली, त्याच्यासमोर.

वर बॉण्डवाली म्हणतात तेवढं शिक्षण त्याच्याकडे होतं, त्याहून जास्त होतं. तेव्हा कोणाला घ्यायचं हे वस्ती ठरवतेय असं लिहू नका. ही वस्ती कशी आहे हे आधी तो डॉक्टर बघेल. आणि एकदा कळलं की हा डॉक्टर आहे, तर शेजारची हत्यारं असलेली टोळी त्याला उचलून नेईल. लोहाराला पण नेतील म्हणा.

सोलापूरकर_काका

निळी शाई, वाचून सुन्न झालो. लिहिलंत ते बरं केलंत.

यावरून आमच्या गावच्या माणसाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे, १९३८ ला भारतातून चीनला पाच डॉक्टरांचं पथक गेलं त्यात होते. उत्तर चीनच्या डोंगरात, पडक्या देवळांत आणि शेतकऱ्यांच्या घरांत ऑपरेशनं. त्यांच्या आधी तिथे नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा सर्जन होता. ऑपरेशन करताना त्याचं बोट कापलं, हातात ग्लोव्हज नव्हते, जखम चिघळली आणि रक्तात विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्ये तो गेला. एवढा मोठा सर्जन, एका बोटाने. पुढे त्याच्या नावाच्या इस्पितळाचे कोटणीस पहिले संचालक झाले आणि १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तेही गेले.

पण दोघांनीही एक केलं होतं, नुसती ऑपरेशनं करत बसले नाहीत, शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवत राहिले, त्यांच्यासाठी पाठ लिहून काढले. कोटणीसांनी त्यासाठी चिनी शिकून घेतली. त्यामुळे हे गेले तरी मलमपट्टी थांबली नाही. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले, तो निबंध १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तेव्हा वस्तीने डॉक्टरला भाकरीच्या बदल्यात काय मागायचं, तर रोज संध्याकाळी चार पोरांना शिकव. आणि विळा-कोयता त्याच्या हातात देऊ नका, बोट सांभाळा.

अर्धवट_शहाणा

बरं बाबा, डॉक्टर घ्या. पण लोहार पण घ्या, चमच्याला धार कोण लावणार?

कातळवाट

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांना दंडवत. ड्राफ्ट अख्खा फाडावा लागणार.

आता असं डोक्यात आहे: चौघं येतात तेव्हा त्यातली डॉक्टर कोण हे वस्तीला माहीतच नाही. शेतकरीण म्हणून जी बाई आलीय तीच तालुक्याची जुनी बाळंतपणाची डॉक्टर. ती पहिल्या रात्री लोकांच्या हातातलं ताट मागे ओढते आणि तिथे वस्तीतल्या म्हातारीला शंका येते. पुढे चर खणण्यावरून मारामारी. फौजी तिच्या बाजूने उभा राहतो, पण त्याचीही किंमत मागतो.

एक शेवटचं. वस्तीत एक नऊ वर्षांची मुलगी ठेवलीय, तिला इन्सुलिन लागतं. दीड वर्षात ती जगलेली असणं शक्य आहे का? गोळ्याबिस्किटं, सांगाल का?

गोळ्याबिस्किटं

अवघड आहे. पुण्यातली दुकानं आणि गोदामं फुटली तेव्हा कोणी शहाण्याने साठा उचलून मडक्यात, ओल्या वाळूत गार ठेवला असेल तर काही महिने ढकलता येईल. दीड वर्ष म्हणजे जवळजवळ अशक्य. इन्सुलिन अजिबातच बनत नसेल तर ते संपल्यावर फार दिवस मिळत नाहीत.

एक खरं उदाहरण आहे मात्र. दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये इव्हा आणि व्हिक्टर सॅक्सल हे चेक निर्वासित जोडपं अडकलं होतं, इव्हाला मधुमेह. इन्सुलिन मिळेनासं झालं तेव्हा त्यांनी डॉक्टरी पुस्तकातल्या वर्णनावरून म्हशीच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढलं. सशांवर तपासलं, मग पहिलं इंजेक्शन इव्हाने स्वतःला घेतलं. पुढे ते इतर रुग्णांनाही दिलं आणि शेकडो माणसं जगली. दोघंही डॉक्टर नव्हते. पण त्यांना प्रयोगशाळा वापरायला मिळाली होती आणि शहरात कत्तलखाना होता, हे ध्यानात घ्या.

गुरांचा_डाक्टर

स्वादुपिंड काढून द्यायचं काम माझं, डोळे झाकून काढीन. पण एका म्हशीत पोरीचं किती दिवस निघणार, आन् पुढची म्हस कोणाची? दुभती म्हस एका पोरीसाठी कापायची म्हणल्यावर बाकीच्यांच्या पोरांचं दूध गेलं. तुमची डॉक्टरीण, फौजी, लोहार सगळे गप बसतील बघा तिथं. ह्यावर लिवा, आन् अंक आला की मला एक पाठवा, पोस्टेज देतो.